निनावी मंडळींचा पत्ता

दिवाळी अंकात, चकली-करंजीच्या ताटाशेजारी बसून वाचावयाच्या पानांत, दारूचा विषय काढणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. परंतु मराठी माणसाने हा विषय सणासुदीला वर्ज्य मानला असे दिसत नाही. राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, नाटककाराच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. आणि पुढे दोन-तीन पिढ्या घरची मंडळी नटूनथटून, बायकामुलांसह, एका दारूबाजाच्या संसाराची राखरांगोळी पाहावयास गेली. बालगंधर्वांच्या सिंधूने रडविले नाही असा प्रेक्षक विरळा, असे आमची आजी सांगे.

त्या नाटकातल्या एका गोष्टीची मला नेहमी मौज वाटत आली आहे. पिणाऱ्यांची तेथे एक रीतसर संस्था आहे. तिला 'आर्यमदिरामंडळ' असे भारदस्त नाव आहे, सभासद आहेत, आणि तळीरामासारखा उत्साही प्रवर्तक आहे. पिऊ इच्छिणाऱ्याला त्या मंडळाचा पत्ता शोधावा लागत नाही. तळीराम आपण होऊन त्याच्यापाशी चालत येतो. उलट सुधाकर दारू सोडावयाचे मनात आणतो, तेव्हा त्याच्याभोवती कोण असते? साध्वी पत्नी, विद्वान मित्र, संतापलेला मेहुणा. सगळी चांगली माणसे. पण त्यांतल्या एकानेही कधी दारू पिऊन सोडलेली नाही. सोडणाऱ्यांचे मंडळ त्या गावात नाही.

आज मला त्या दुसऱ्या मंडळाचा इतिहास सांगावयाचा आहे. विशेषतः त्यातल्या एका साध्या पण फार अडचणीच्या प्रश्नाचा. असे मंडळ असले तरी ज्याला त्याची गरज आहे त्याला त्याचा पत्ता लागतो कसा?

आपल्याकडे दारूविरुद्ध प्रयत्न झाले नाहीत असे मुळीच नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू हे सरकारी उत्पन्नाचे एक भक्कम साधन झाले, आणि त्यावर आपल्या पुढाऱ्यांनी कोरडे ओढले. पुण्याच्या नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यातल्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. गाडगेबाबांनी कीर्तनातून पिणाऱ्यांना जाहीर फैलावर घेतले. अखेर १९४९ चा दारूबंदीचा कायदा झाला. उपदेश, पहारा आणि कायदा अशी ही चढती भाजणी. तिचा उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. परंतु या तिन्ही उपायांत बोलणारा माणूस न पिणारा असतो आणि ऐकणारा पिणारा. ही तऱ्हा बदलली ती आपल्याकडे नव्हे. ती बदलली अमेरिकेत, आणि तीही प्रथम एका गुत्त्यात.

१८४० च्या एप्रिल महिन्यात बाल्टिमोर शहरातल्या चेसच्या गुत्त्यात सहा जण पीत बसले होते. त्यांत एक शिंपी होता, सुतार होता, लोहार होते. सगळे हातावर पोट असलेले कारागीर. गावात दारूच्या दुष्परिणामांवर एक व्याख्यान होते. मंडळींनी चेष्टेचेष्टेत आपल्यातल्या काहींना ते ऐकून यावयास पाठविले. ते परत आले, वाद रंगला, आणि त्या वादाच्या पोटी एक विलक्षण गोष्ट घडली. सहाही जणांनी आपण दारू सोडीत आहोत असे एका कागदावर लिहून सह्या केल्या, आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाने एक सभा स्थापन केली. या 'वॉशिंग्टोनियन' मंडळींचे दोनच नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. सभेत व्याख्यान द्यावयाचे नाही, प्रत्येकाने आपली हकीकत सांगावयाची. आणि पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने एक नवा पिणारा बरोबर आणावयाचा. पत्त्याचा प्रश्न त्यांनी असा एका फटक्यात सोडविला. जुना दारूबाज गुत्ता ओळखतो, गुत्त्यातली माणसे ओळखतो. तो तेथूनच माणूस उचलून आणी.

एका वर्षात बाल्टिमोरच्या रस्त्यांतून त्यांची हजारोंची मिरवणूक निघाली. १८४२ च्या २२ फेब्रुवारीस स्प्रिंगफील्ड गावी त्यांच्या सभेत एका तरुण वकिलाचे भाषण झाले. त्याचा आशय असा होता की, धर्मोपदेशक, वकील आणि पगारी प्रचारक यांच्या तोंडून निषेध ऐकून पिणारा सुधारत नाही. जो काल गटारात होता आणि आज शुद्धीवर आहे त्याचे बोलणे मात्र त्याच्या काळजाला भिडते. वकिलाचे नाव अब्राहम लिंकन.

एवढे असून दहा वर्षांच्या आत ही चळवळ जवळजवळ नाहीशी झाली. मोठमोठे फड भरू लागले, भाषणबाजांची चलती झाली, दारूबंदीचा कायदा हवा की नको यावर तट पडले, गुलामगिरीचा वाद आत शिरला, आणि गुत्त्यातून माणूस आणण्याचे मूळ काम मागे पडले. आपल्या गणेशोत्सव मंडळांचा अनुभव असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. नवल याचे, की शंभर वर्षांनी तेच काम पुन्हा उभे राहिले तेव्हा ते करणाऱ्यांना आरंभी या जुन्या मंडळींची फारशी माहितीही नव्हती.

ही दुसरी हकीकत सांगताना मला हॉटेलातल्या एका टेलिफोनपासून सुरुवात केली पाहिजे.

११ मे १९३५, शनिवारची संध्याकाळ. ओहायो संस्थानातल्या अ‍ॅक्रन नावाच्या रबरी टायरांच्या गावी, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात न्यूयॉर्कचा एक शेअरबाजारी गृहस्थ येरझाऱ्या घालीत होता. नाव बिल विल्सन. ज्या कारखान्याचा ताबा मिळविण्यासाठी तो आला होता ती झुंज तो हरला होता. भागीदार निघून गेले होते, खिशात मोजके डॉलर होते. दारूने त्याची पूर्वी धूळधाण केली होती आणि शेवटचा पेला घेऊन त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यगृह होते; तेथून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता, आणि गावातल्या चर्चांची यादी.

या पाच महिन्यांत बिलने न्यूयॉर्कमध्ये कित्येक दारूबाजांच्या मागे लागून त्यांना सोडवावयाचा प्रयत्न केला होता. एकही सुटला नव्हता. तो निराश होऊन घरी कुरकुरला, तेव्हा त्याची पत्नी लुई त्याला म्हणाली होती की, दुसरे कोणी सुटले नसेल, पण तुम्ही स्वतः तर प्यायला नाहीत! अ‍ॅक्रनच्या दिवाणखान्यात त्याला ते उमजले. त्याला त्या घटकेस दुसरा एक दारूबाज हवा होता; त्याला सुधारण्यासाठी नव्हे, स्वतः वाचण्यासाठी. सगळ्या इतिहासाचे बीज मला या ठिकाणी दिसते. देणारा आणि घेणारा यांतला फरक येथे पुसला गेला.

त्याने यादीतल्या एका धर्मोपदेशकाला, वॉल्टर टंक्स यांना, फोन लावला. अनोळखी माणूस शनिवारी रात्री फोनवर सांगतो की मी दारूबाज आहे आणि मला दुसरा दारूबाज पाहिजे! टंक्ससाहेबांनी फोन खाली ठेवला नाही. त्यांनी दहा नावे दिली. बिलने एकेक नाव फिरविले. कोणी घरी नव्हते, कोणाला सवड नव्हती. यादी सरत आली, तेव्हा एकाने हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंचे नाव सांगितले. त्या स्वतः पिणाऱ्यांपैकी नव्हत्या. पण त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर पिऊन पिऊन आयुष्यातून उठत चालले होते, आणि त्यांच्यासाठी बाई बरेच दिवस ईश्वराजवळ करुणा भाकीत होत्या. फोनवरचा विचित्र माणूस त्यांना देवानेच पाठविलेला वाटला.

ते डॉक्टर म्हणजे शल्यविशारद रॉबर्ट स्मिथ. त्या शनिवारी ते भेटण्याच्या अवस्थेत नव्हते. दुसरा दिवस अमेरिकेतला मातृदिन; त्यासाठी पत्नीला देण्याकरिता एक फुलझाडाची कुंडी घेऊन ते घरी आले आणि कुंडी टेबलावर ठेवून स्वतः टेबलाखाली निजले. रविवारी संध्याकाळी पाच वाजता ते हेन्रिएटाबाईंच्या घरी आले ते 'फक्त पंधरा मिनिटे' या अटीवर. उठले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. उपदेश ते आजवर पुष्कळ ऐकत आले होते. त्या दिवशी प्रथम एक माणूस त्यांच्यापुढे बसून स्वतःची लाजिरवाणी कहाणी सांगत होता, आणि ती त्यांचीच कहाणी होती.

यानंतर सगळे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. महिनाभराने डॉक्टर अटलांटिक सिटीला वैद्यकीय परिषदेस गेले आणि तेथे पुन्हा झिंगले. परत आले त्याच सुमारास त्यांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती आणि हात थरथरत होते. हात स्थिर राहावेत म्हणून बिलने त्यांना बीअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. त्या दिवसाची तारीख १० जून १९३५ अशी धरतात, आणि तोच या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. घटना नाही, अध्यक्ष नाही, ठराव नाही. एका डॉक्टरने बाटली खाली ठेवली एवढाच स्थापनेचा समारंभ.

पुढे दोघांनी शोध घेतला तो तिसऱ्या माणसाचा. डॉक्टरांनी शहरातल्या रुग्णालयात फोन करून नर्सला विचारले की, तुमच्याकडे एखादा दारूबाज आहे काय? होता. एक वकील, नर्सांच्या अंगावर धावून गेल्यामुळे त्याला पलंगाला बांधून ठेवले होते. दोघे त्याच्या खाटेशेजारी जाऊन बसले. तो सुटला आणि कायमचा सुटला.

आता पत्त्याचा प्रश्न. खाटेशेजारी बसून किती माणसे मिळणार? १९३७ च्या अखेरीस हिशेब केला तो चाळिसाच्या आसपास भरला. श्रीमंत रॉकफेलरकडे मंडळी पैसे मागावयास गेली. त्यांनी पाच हजार डॉलर दिले आणि अधिक देण्याचे नाकारले, कारण पैशाने हे काम बिघडेल असे त्यांचे मत पडले. कोट्यधीशाने दिलेला हा सल्ला त्याच्या देणगीहून मोलाचा होता, असे मला वाटते. १९३९ च्या एप्रिलात मंडळींनी एक पुस्तक छापले आणि त्याच्या नावावरून मंडळाला नाव पडले: 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजे निनावी दारूबाज. न्यूयॉर्कच्या टपाल कचेरीतली एक पेटी, क्रमांक ६५८, हा या निनावी माणसांचा पहिला जगजाहीर पत्ता.

निनावी राहण्याचे कारण उघड आहे. नोकरी जाण्याची, सोयरीक मोडण्याची भीती होती. पण नाव नाही, पाटी नाही, कचेरी नाही, तर शोधणाऱ्याने शोधावे कोठे? ज्या गुप्ततेच्या आधाराने माणूस आत येण्यास धजावतो, तीच त्याला दार सापडू देत नाही. ही गाठ अजून पुरती सुटलेली नाही.

तूर्त ती सोडविली वर्तमानपत्रांनी. १९३९ च्या ऑक्टोबरात क्लीव्हलंडच्या एका दैनिकाने लेखमाला छापली आणि तेथल्या मूठभर मंडळींवर शेकडो हाका येऊन कोसळल्या. काल सुटलेल्याने आज आलेल्याला शिकवावे, अशी वेळ आली; आणि ते जमले. १ मार्च १९४१ रोजी 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या खपाच्या साप्ताहिकात जॅक अलेक्झांडर नावाच्या पत्रकाराचा लेख आला. ढोंग उघडे पाडण्यासाठी नावाजलेला हा गृहस्थ याही प्रकरणात काही काळेबेरे सापडेल म्हणून गेला होता आणि कौतुक घेऊन परतला. त्या लेखाआधी सभासद दोन हजार होते, वर्षअखेर आठ हजार झाले.

पत्रांचे गठ्ठे न्यूयॉर्कला येऊन पडत. त्यांत अर्धी पत्रे बायकांची. ज्या गावात मंडळ नाही तेथल्या पत्रांचे काय करावयाचे? मंडळींत फिरते विक्रेते बरेच होते. कचेरीतून त्यांना त्यांच्या वाटेवरच्या गावांची यादी दिली जाई. माल विकून झाला की संध्याकाळी हे विक्रेते त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावीत. साबण विकावयास आलेला माणूस रात्री एखाद्या स्वयंपाकघरात बसून आपली कहाणी सांगतो आहे, हे चित्र मला त्या सगळ्या इतिहासात फार आवडते. आपल्या तळीरामाची ही उलटी आवृत्ती.

नवरे आत सभेत बसले की बायका बाहेर मोटारीत किंवा स्वयंपाकघरात थांबत. थांबता थांबता त्यांच्याच आपसांत गोष्टी होऊ लागल्या. १९५१ साली लुई विल्सन व तिची एक मैत्रीण यांनी या बायकांची निराळी संघटना बांधली. तिला 'अल-अ‍ॅनॉन' म्हणतात. पिणारा सुटो वा न सुटो, घरच्या माणसाला स्वतःचे असे एक बसावयाचे ठिकाण असावे, ही कल्पना मला पहिल्या कल्पनेइतकीच मोठी वाटते. सिंधूला असे ठिकाण कोठे होते?

वॉशिंग्टोनियन मंडळींच्या शेवटाची हकीकत एव्हाना यांना कळली होती. १९५० च्या जुलैत क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा संकेत मान्य झाले. त्यांत राजकारणाला आणि बाहेरच्या देणग्यांना मज्जाव आहे. सभासद होण्यास फी नाही, सोडण्याची इच्छा हीच पात्रता. आणि वर्तमानपत्रांत कोणी आपले नाव पुढे करावयाचे नाही. डॉक्टर स्मिथ त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले. त्यांच्या थडग्यावर या मंडळाचा उल्लेखही नाही.

आता आपल्याकडे येऊ. ही गोष्ट हिंदुस्थानात आली ती दिल्लीमार्गे. दिल्लीत राहावयास आलेल्या एका कॅनेडियन सभासदाने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. मुंबईच्या एका गृहस्थाने तिला उत्तर धाडले, टपालाने पत्रके मागविली, आणि १९५७ च्या मे महिन्यात त्याने दारू सोडली. मुंबईतली मंडळी तेव्हापासूनची. त्यांची नावे ठाऊक असली तरी छापावयाची नाहीत, असा रिवाज असल्यामुळे मीही तो पाळतो.

या सालातली गंमत वाचकांच्या ध्यानात आली असेल. १९५७ साली मुंबईत दारूबंदी होती! पिणे हा गुन्हा होता; प्रकृतीच्या कारणाने परमिट मिळविणाऱ्यांचा अपवाद सोडला तर शहरात पिणारा माणूस कागदोपत्री अस्तित्वातच नव्हता. प्रत्यक्षात हातभट्टीची दारू फुटबॉलच्या ब्लॅडरांतून नि मोटारीच्या ट्यूबांतून गल्लोगल्ली पोचत होती, आणि आंटीच्या अड्ड्याचा पत्ता शाळकरी पोरालाही ठाऊक होता. जो नसल्याचे सरकार सांगते त्याने आपण आहोत असे सांगून मदत मागावयाची, हे किती कठीण!

माझे धाकटे मामा त्याच शहरात होते. परळला एका गिरणीत फिटर. हात सोन्याचा, गळा गोड, आणि पगाराच्या दिवशी घरी यावयाची वाट हमखास चुकणारी. घरच्यांनी काय केले नाही? आळंदीला नेऊन माळ घातली. ती त्यांनी आठ महिने पाळली, आणि त्या आठ महिन्यांत ते दिंडीतल्या सोबत्यांखेरीज कोणाशी फारसे बोलत नसत. मग माळ खुंटीला गेली. कोणा वैदूची पूड मामी चहातून देई. मामांनी चहा सोडला. लग्न झाल्यावर सुधारेल म्हणून लग्न करून दिले होतेच. आजोबांनी शिव्या दिल्या, आईने पाय धरले. मामा प्रत्येक वेळी रडत, शपथ घेत, आणि ती शपथ घेताना ते खोटे बोलत नसत, एवढे मी लहान असूनही ओळखले होते. १९६८ साली ते गेले. वय एक्केचाळीस.

तेव्हा मुंबईत या मंडळींच्या सभा भरू लागून अकरा वर्षे झाली होती. आमच्या चाळीत, गिरणीत, नात्यागोत्यात एकालाही त्याचा पत्ता नव्हता. सभेला गेले असते तर मामा वाचले असते असे मी म्हणणार नाही. तेथे जाऊनही पुष्कळ जण सुटत नाहीत. पण माळ घातलेल्या त्या आठ महिन्यांचा विचार मनात येतो. त्यांना उपदेशापेक्षा सोबत मानवली होती. वारी संपली, सोबती आपापल्या गावी गेले. परळमध्ये दर गुरुवारी भेटणारी दिंडी त्यांना कोणी दाखविली नाही.

पुढे चित्र पालटले. १९८१ साली वांद्र्याच्या चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था काढली. १९८६ च्या ऑगस्टात पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे पाठबळ होते, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. मुक्तांगणाचा आरंभ गर्दच्या व्यसनाने ग्रासलेल्या मुलांसाठी झाला, मग दारूचे रुग्ण आले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे कार्यकर्ते झाली. शस्त्र तेच, अ‍ॅक्रनचे, मूठ मराठी. उपचार संपवून घरी गेलेल्यांसाठी गावोगाव पाठपुराव्याच्या बैठका भरू लागल्या, आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला.

विद्वानांत या सभांविषयी फार काळ शंका होती. देवाचे नाव घेऊन, एकमेकांना गोष्टी सांगून रोग बरा होतो काय? अमेरिकेतल्या वैद्यक संघटनेने १९५६ सालीच हा आजार मानला होता; पण निनावी माणसांची मोजदाद करावयाची कशी? २०२० साली कोक्रेन या संशोधन-संस्थेने २७ अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक रुग्णांचा ताळा मांडला. या सभांची गोडी लावून देणाऱ्या पद्धतशीर उपचाराने वर्षअखेर पूर्ण दारूमुक्त राहिलेले शेकडा ४२ निघाले. इतर मान्यवर मानसोपचारांनी शेकडा ३५. फरक डोळे दिपविणारा नाही. पण ही सभा फुकट असते आणि पुढच्या आठवड्यातही असते.

देवाचा उल्लेख ज्यांना खटकतो त्यांच्यासाठी अमेरिकेत १९९४ पासून 'स्मार्ट रिकव्हरी' नावाचा निरीश्वर मार्ग आहे. त्याच्या सभा आता संगणकावरूनही भरतात.

या सभा दोन प्रकारच्या असतात. एक फक्त पिणाऱ्यांसाठी; दुसरी 'खुली', तिला घरच्यांना आणि माझ्यासारख्या चौकस माणसालाही जाता येते. मी एका खुल्या सभेस जाऊन आलो. तेथे ऐकलेले तेथेच ठेवावयाचे असते, म्हणून फक्त खोलीचे सांगतो. नगरपालिकेच्या शाळेतला पहिलीचा वर्ग. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, फळ्याच्या कोपऱ्यात उद्याचा सुविचार. बाके एवढी लहान की पन्नाशीच्या माणसांचे गुडघे त्यांच्या हनुवटीशी आले होते. रिक्षावाला, बँकेतला साहेब, एक निवृत्त मास्तर, आणि भिंतीला टेकून बसलेली दोन पोरगेलीशी माणसे. त्यांचे हात चहाचा पेला धरताना हिंदकळत होते. त्यांना सर्वांत आधी चहा मिळाला. शेवटी एक डबा फिरला. मी त्यात दहाची नोट टाकली, ती शेजाऱ्याने हसून मला परत दिली. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत. १९३८ च्या रॉकफेलरची आठवण झाली.

तेव्हा आज ज्याला पत्ता हवा आहे त्याने काय करावे? मंडळाच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावाप्रमाणे सभांच्या वेळा मिळतात. सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्तीच्या क्रमांकावर किंवा १४४१६ या मानसिक आरोग्याच्या क्रमांकावर फोन केला तर नाव न सांगताही बोलता येते. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. तेथल्या परिचारिकांना जवळची सभा बहुधा ठाऊक असते. निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: सभा कोणत्या भाषेत चालते, आणि ती खुली आहे काय. पहिल्या ठिकाणी मन रमले नाही तर दुसरे पाहावे. प्रत्येक गटाचा रंग निराळा असतो. पिणारा येत नसेल तर घरच्यांनी आपल्यापुरते अल-अ‍ॅनॉन गाठावे, त्याच्यासाठी थांबू नये.

एक सूचना मात्र कळकळीची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने शपथेच्या भरात एका रात्रीत दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीव जातो. हे पहिले काही दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढावयाचे असतात. सभा त्यानंतरच्या सगळ्या दिवसांसाठी.

मी गेलो होतो ती सभा आठवड्यातून तीनदा भरते. दिवाळीत शाळेला सुट्टी असते, परंतु सभेला नसते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीही ती खोली उघडी राहते. फक्त शिपाई गावी जातो म्हणून त्याच्याकडून किल्ली दोन दिवस आधी मागून ठेवावी लागते.